फोटोतलं बाळ आणि फाईलची तारीख

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक मोठं काम झालं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, २०२१ साली गेला. त्याचा जुना कॉम्प्युटर वहिनींच्या खोलीत तसाच पडून होता. २००२ साली निवृत्त झाल्यावर दादाने तो घेतला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. त्यात घरातले साडेचार हजार फोटो होते. निम्मे जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले, निम्मे डिजिटल कॅमेऱ्याचे. पुतण्या अमेरिकेहून आला होता. त्याने एका संध्याकाळी ते सगळे फोटो नव्या लॅपटॉपवर घेतले, जुना कॉम्प्युटर मोडीत काढला आणि मला म्हणाला, "काका, झालं काम. आता निवांत बघत बसा."

मी बघायला बसलो आणि चक्रावलो. फोटो सगळे होते, एकही हरवला नव्हता. पण प्रत्येक फोटोपुढे, प्रत्येक फोल्डरपुढे 'तयार केल्याची तारीख' एकच होती. दिवाळीच्या पाडव्याची! आमच्या आजीचा फोटो पाडव्याचा, पुतणीच्या लग्नाचा पाडव्याचा, दादा शेवटचा अंगणात बसला होता तोही पाडव्याचा. सत्तर वर्षांचं घर एका संध्याकाळी जन्माला आलं होतं.

तुम्ही म्हणाल, फोटो आहेत ना, मग तारखेचं एवढं काय घेऊन बसलात? मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या माणसाला तारीख गेली की हातातला कागद मुका झाल्यासारखा वाटतो. पेशवाईतली कितीतरी पत्रं अशी आहेत, की त्यांत 'छ' घालून चंद्राची तारीख दिलेली असते, महिना असतो, पण वर्षच नसतं. ज्याने लिहिलं आणि ज्याला लिहिलं, त्या दोघांना साल ठाऊकच होतं! गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. असे कागद हाताळणाऱ्यांचं पहिलं काम म्हणजे बिनसालाच्या पत्राला त्याचं साल शोधून देणं. आणि असं शोधलेलं साल चांगला संपादक मूळ मजकुरात घुसडत नाही, ते कंसात देतो. हा कंस लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

फोटोला तारीख असावी ही ओढ फोटोइतकीच जुनी आहे. कारण फोटो खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो, पण तो कधीचा हे तो स्वतः सांगत नाही. फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने लखनौच्या सिकंदर बागेचा काढलेला फोटो आपण पुस्तकांत पाहिला असेल. पडझड झालेली इमारत आणि अंगणात विखुरलेली हाडं. १८५७ च्या प्रकरणात तो छापलेला असतो. लढाई खरोखरच नोव्हेंबर १८५७ मधली. पण बिआटो हिंदुस्थानात आला तो १८५८ साली. म्हणजे फोटोत दिसतो तो लढाईचा दिवस नव्हे, काही महिन्यांनंतरचं दृश्य आहे. ती हाडं फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडली, असं अभ्यासक मानतात. साल नीट लावलं नाही, तर हा प्रश्नसुद्धा आपल्याला पडत नाही.

कॅमेरा घरोघरी जाऊ लागला तेव्हा कोडॅक कंपनीलाही ही अडचण जाणवली. १९१४ साली तिने 'ऑटोग्राफिक' नावाचे कॅमेरे काढले. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी खिडकी. फोटो काढला की ती उघडायची आणि आतल्या कागदावर टोकदार सळईने तारीख, गाव, काय हवं ते लिहायचं. ते अक्षर फिल्मवर दोन फोटोंच्या मधल्या जागेत उमटे. हेन्री गैसमन या संशोधकाची ही कल्पना. ईस्टमनने तिच्यासाठी त्या काळी तीन लाख डॉलर मोजले होते. पण लोक लिहायचा कंटाळा करतात. १९३० नंतर हे कॅमेरे मागे पडले. पुढे १९८० च्या सुमाराला फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटवणारे कॅमेरे आले. ते आकडे बटणं दाबून लावावे लागत, आणि कुणी लावले नाहीत तर कॅमेरा आपल्या मनाची तारीख छापे.

आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत मात्र तारीख असे ती फोटोच्या पाठीवर. स्टुडिओचा जांभळा शिक्का, नाहीतर आईच्या हातची शिसपेन्सिलीची ओळ. हे शिक्केही बोलतात. शिक्क्यात 'पुणे २' असं असेल, तर फोटोची प्रत बहुधा १९७२ च्या आधीची. कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. फोटोत मागे दुकानाची पाटी असेल आणि तिच्यावर भाव 'नये पैसे' असा असेल, तर तो १९५७ नंतरचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. मोटारीच्या पाटीवर 'एमएच' असेल तर १९८९ च्या आधीचा नव्हे. अशा खुणांवरून साल लावणं हा माझा आवडता छंद. पण यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा विसरली जाते. पाठीवरचा शिक्का फोटो काढल्याचा असेलच असं नाही. तो प्रत छापल्याचा असू शकतो.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा वाटलं, हा प्रश्न कायमचा सुटला. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने 'एक्झिफ' नावाची पद्धत ठरवली. तिच्यामुळे फोटोच्या फाईलच्या पोटातच माहितीची चिठ्ठी राहू लागली. तीत तारखांच्या तीन जागा आहेत. फोटो टिपला केव्हा, त्याचं डिजिटल रूप झालं केव्हा, आणि फाईल बदलली केव्हा. कॅमेऱ्याच्या फोटोत पहिल्या दोन सारख्याच असतात. पण १९५० सालचा फोटो २००३ मध्ये स्कॅन केला, तर त्या दोन जागांत अर्ध्या शतकाचं अंतर पडायला हवं. ही सोय करणाऱ्यांना इतिहासाची जाण होती असं मला वाटतं. मात्र स्कॅनरला मूळ फोटो कधीचा हे कुठून कळणार? ती जागा माणसाने भरायची असते, आणि ती बहुधा रिकामीच राहते.

ही झाली पोटातली तारीख. याशिवाय कॉम्प्युटर प्रत्येक फाईलच्या पाकिटावर स्वतःच्या तारखा लिहितो. तयार केल्याची, बदलल्याची, उघडल्याची. या तारखा फोटोच्या नसतात, पाकिटाच्या असतात. विंडोजमध्ये फाईलची प्रत केली की 'बदलल्याची' तारीख जुनी राहते, पण 'तयार केल्याची' तारीख प्रत केल्याच्या क्षणाची होते. त्यामुळे अशी गंमत दिसते की, फाईल आधी बदलली आणि मग जन्मली! फोल्डरचं तर आणखी नाजूक. त्यात एक फाईल घातली किंवा काढली की 'बदलल्याची' तारीख हलते, आणि फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर नेला की नवं फोल्डर आजच्या तारखेने जन्माला येतं. आमच्या घरी पाडव्याला झालं ते हेच.

आता या तारखा गेल्याने आमचं काय गेलं ते सांगतो. दादाला फोल्डरला नावं द्यायचा कंटाळा. त्याची नावं म्हणजे 'नवीन', 'नवीन २', 'नवीन ३', असं करत 'नवीन ६१' पर्यंत. आतल्या फाईली 'स्कॅन १', 'स्कॅन २'. दर फोल्डरमध्ये पुन्हा एकपासून. पण दादाजवळ एक दोनशे पानी वही होती. त्या दिवशी काय काम केलं ते तो तारीख घालून लिहायचा. 'आज अकरा फोटो घेतले. पहिला अमुक, दुसरा तमुक.' फोल्डरचं नाव वहीत नाही आणि फोटोतल्या माणसांची नावं फोल्डरमध्ये नाहीत. दोघांना जोडणारा एकच दुवा होता, तारीख! शिवाय २००९ साली त्याने बसून सगळे स्कॅन थोडे उजळ केले होते. त्यामुळे फाईल बदलल्याच्या तारखा सगळ्या २००९ च्या. मूळ दिवस सांगत होती ती फक्त 'तयार केल्याची' तारीख, आणि ती पाडव्याने पुसली होती.

मी सुन्न होऊन बसलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती आतली डबी मी टाकू दिली नाही. ह्यांचं आहे ते." त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढून दिली. पुतण्याने कपाळावर हात मारला आणि मग हसला. आम्ही ती डिस्क जोडली. जुन्या तारखा सगळ्या जागच्या जागी होत्या.

दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. विंडोजमध्ये २००७ पासून 'रोबोकॉपी' नावाची आज्ञा असते. तिला नीट सांगितलं, तर ती फाईलींबरोबर फोल्डरच्या तारखाही जशाच्या तशा नेते. त्याआधी पुतण्याने सगळ्या फाईलींची आणि फोल्डरांची यादी त्यांच्या तारखांसह एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून घेतली. मी ती कागदावर छापून घेतली. जुना मास्तर आहे, कागदावर विश्वास. पुढे काहीही बिघडलं तरी ती यादी हा आमचा अस्सल दस्त.

मग दुरुस्तीला हात घातला. पहिलं प्रकरण सोपं निघालं. डिसेंबर २००४ मधलं पुतणीचं लग्न. दोन कॅमेरे होते, एक इथला, एक पुतण्याने न्यू जर्सीहून आणलेला. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा. इथल्या कॅमेऱ्यात अक्षता ११.४२ च्या, आणि त्याच्या कॅमेऱ्यात त्याच अक्षता रात्री १.१२ वाजता! आदल्या संध्याकाळी सातला झालेलं सीमांत पूजन सकाळी साडेआठचं दिसत होतं. त्याने कॅमेऱ्याचं घड्याळ बदललंच नव्हतं. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असतं. एक्झिफच्या चिठ्ठीत तारीख आणि वेळ असे, पण ती कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नव्हती. ती सोय २०१६ साली आली. आपल्याला यात नवल वाटायला नको. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. म्हणजे जुन्या पत्रातले 'सायंकाळी सहा' मुंबईचे की बाहेरचे, हेही विचारावं लागतं.

या दुरुस्तीसाठी पुतण्याने 'एक्झिफटूल' हे फुकट मिळणारं साधन वापरलं. कॅनडातल्या फिल हार्वी यांनी ते २००३ साली पहिल्यांदा लोकांना दिलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं सांभाळलं. त्याला 'या सगळ्या फोटोंची वेळ साडेदहा तास पुढे घे' असं सांगता येतं. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. ते दुरुस्त फाईल लिहितं, पण मूळ फाईल आपणहून वेगळं नाव देऊन बाजूला जपून ठेवतं. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, हा माणूस पेशवे दप्तरात शोभला असता."

दुसरं प्रकरण मात्र इतकं सरळ नव्हतं. तो एकच फोटो आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याचं अंगण, तुळशीवृंदावन, आजी, अण्णा, मुंडावळ्या बांधलेला बटू दादा आणि पायरीवर बसलेली आई. आईच्या मांडीवर तीन-चार महिन्यांचं बाळ.

पुतण्याने प्रतीची पाठ पाहिली. स्टुडिओचा शिक्का, 'पुणे २', आणि सप्टेंबरची तारीख. साल पुसट. एकसष्ट की एक्याऐंशी कळेना. पिनकोड नाही आणि अण्णा १९७४ साली गेले, म्हणून एकसष्टच. त्याने लगेच फोटो टिपल्याच्या जागी सप्टेंबर १९६१ भरायला घेतलं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "थांब. सप्टेंबर एकसष्टमध्ये हा वाडा नव्हता."

१२ जुलै १९६१. पुण्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मी जेमतेम नऊ वर्षांचा. आम्ही पर्वतीवर पळालो. परत आलो तेव्हा वाड्याच्या जागी चिखल आणि वासे. भांडीकुंडी गेली, कागद गेले, अल्बम गेला. मग सप्टेंबरमधला शिक्का कसा? शिक्का खोटा नव्हता. स्टुडिओवाले काचा आणि फिल्म नंबर घालून जपून ठेवत. अण्णांनी पुरानंतर दोन महिन्यांनी तिथे जाऊन सापडले तेवढे फोटो पुन्हा छापून आणले असणार. घरात धड भांडी नव्हती, तेव्हा त्या माणसाने फोटोंवर पैसे खर्च केले होते. हे मला त्या शिक्क्यानेच सांगितलं. 'चुकीची' म्हणून तो शिक्का पुसून टाकला असता, तर अण्णांचं हे एक काम आम्ही पुसून टाकलं असतं.

मग वही काढली. जुन्या डिस्कवर त्या फोल्डरची तारीख १७ ऑगस्ट २००३. वहीत त्याच तारखेला दादाचं अक्षर : 'अण्णांच्या पाकिटातले अकरा. चौथा माझ्या मुंजीतला. माघ, शके १८७४.' बाळाचा उल्लेख नाही.

पुतण्याने चटकन बेरीज केली. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९५२. आणि माझ्या छातीत काहीतरी हललं. कारण माझा जन्म नोव्हेंबर १९५२ चा. जानेवारी-फेब्रुवारी १९५२ मध्ये आईच्या मांडीवर मी असणं शक्य नव्हतं. माझ्याआधी आम्हाला एक बहीण झाली होती. १९५१ च्या पावसाळ्यात जन्मली आणि पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिचा फोटो कुणी कधी पाहिलेला नाही. आई तिच्याबद्दल फार बोलत नसे, पण बोलली की फोटो नसल्याचं बोले. मी त्या बाळाकडे बघत राहिलो. वहिनींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलीसारखंच दिसतंय हो."

रात्री झोप येईना. आणि मग मास्तर जागा झाला. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत. इंग्रजी साल १ जानेवारीला पुढे जातं, आपला शक मात्र पाडव्याला बदलतो. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. १८७४ अधिक ७९, १९५३. हे गणित मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. संध्याकाळी ते मला आठवलं नव्हतं, कारण मला ते आठवायचं नव्हतं.

फोटोतलं बाळ मी आहे.

सकाळी पुतण्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, वाटलं तर 'नक्की नाही' असं लिहूया." त्याचा हेतू चांगला होता. आणि तारखेपुढे शंका नोंदवण्याची रीत आता जगभर ठरलेली आहे. २०१९ पासून तारखांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात 'सुमारे' आणि 'संशयित' यांसाठी वेगळ्या खुणा आहेत. जिथे शंका आहे तिथे ती लिहायलाच हवी. पण जिथे शंका नाही तिथे मायेपोटी ती उभी करणं, हेसुद्धा तारीख बदलणंच झालं.

त्या फोटोत आम्ही आता काय काय भरलं आहे ते सांगतो, कारण कुणाला आपल्या घरचं काम करायचं असेल तर उपयोगी पडेल. टिपल्याच्या जागी १९५३, माघ महिना, दिवस अज्ञात. डिजिटल केल्याच्या जागी १७ ऑगस्ट २००३. खाली वर्णनात : 'ही प्रत सप्टेंबर १९६१ ची, पुरानंतर अण्णांनी करून घेतलेली. सालाचा आधार दादाची वही.' फोल्डरचं 'नवीन ३' हे नाव तसंच ठेवलं, फक्त त्याच्या पुढे साल, महिना, दिवस या क्रमाने आकडे घातले. या क्रमाने लिहिलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर फोल्डर आपोआप काळाच्या ओळीत उभे राहतात, आणि पाकिटावरची तारीख पुन्हा कधी पुसली तरी नावातली राहते. मोबाईलवर आलेले फोटो असतील तर एवढं ध्यानात ठेवा, की व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो पोटातली चिठ्ठी गमावून येतो. त्याच्या नावात तारीख दिसली, तर ती पाठवण्याची समजा, काढल्याची नव्हे. घरातलं कुणी मूळ फोटो पाठवणार असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

संपादकाचा कंस म्हणालो होतो तो हाच. जुनं पुसायचं नाही. नवं त्याच्या शेजारी लिहायचं, आणि का लिहिलं तेही लिहायचं.

आणखी एक काम आम्ही केलं. त्याच फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाईल ठेवली आहे. तीत बहिणीचं नाव आहे, जन्माचा आणि जाण्याचा महिना आहे, आणि आई तिच्याविषयी जे दोन-चार शब्द बोलली होती ते आहेत. शेवटी एक ओळ आहे, 'हिचा फोटो नाही.' आमच्यानंतर हे फोल्डर उघडणाऱ्याने मुंजीच्या फोटोतल्या बाळाकडे बघून चुकीचा अंदाज करू नये, आणि ती होती हेही विसरू नये, म्हणून.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)